शहापुराहून आकाशमार्गे : लहान घासाची शिदोरी

बेळगावास प्रथमच येणाऱ्या पाहुण्याला बेळगाव कोठे संपते आणि शहापूर कोठे सुरू होते, हे सहसा उमगत नाही. कपिलेश्वराच्या देवळाजवळ आगगाडीचा मार्ग ओलांडून दक्षिणेकडे आलो की शहापूर लागले, असे जुनी माणसे सांगतात. आज दोन्ही वस्त्या एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत आहेत. परंतु स्वातंत्र्यापूर्वी बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होते आणि शहापूर सांगलीच्या पटवर्धन संस्थानिकांच्या अमलाखाली. एका रस्त्याच्या दोन टोकांना दोन राज्ये नांदत होती. १९४८ साली सांगलीचे संस्थान विलीन झाले आणि ही अदृश्य वेस नाहीशी झाली. तरीही शहापूरचा स्वभाव निराळा तो निराळाच राहिला.

हा स्वभाव दोन कारागिरांनी घडविला आहे : विणकराने आणि सोनाराने. शहापूरची साडी एके काळी दूरवर नावाजलेली होती. हातमागाची जागा पुढे यंत्रमागाने घेतली. तरी शहापूर, खासबाग, वडगाव या भागांतील काही बोळांतून चालताना मागाची खटखट आजही कानी पडते. सराफ गल्लीत सोनारांची दुकाने आहेत. खडेबाजारात कापड, भांडी, किराणा आणि मिठाई यांची गर्दी. मिठाईत अर्थातच बेळगावचा कुंदा. दूध आटवून आटवून, साखर घालून केलेला हा तपकिरी, मऊ, दाणेदार पदार्थ घेतल्यावाचून गावाबाहेर पडणारा माणूस विरळा. लग्नसराईत मांडेही असतातच. रुमालासारखी पातळ पोळी, आत खवा आणि साखर.

असे हे खाऊनपिऊन सुखी गाव. येथे पाहुण्याला पोटभर वाढणे हा घरधनिणीचा मान, आणि वाढलेले न सोडणे हा पाहुण्याचा धर्म. आमच्या खेड्यापाड्यांतील घरांतही हीच रीत आहे. नाताळ असो, लग्न असो, बाप्तिस्मा असो, “आणखी थोडे घ्या” हे शब्द ऐकल्याशिवाय जेवण झालेसे वाटत नाही. या रीतीची गोडी कोण नाकारील? परंतु अलीकडे आपल्या पंक्तीत अशीही काही माणसे येऊन बसतात की ज्यांना हा आग्रह मानवत नाही. आणि ती विमानातून उतरून थेट आपल्या दारी आलेली असतील, तर मुळीच मानवत नाही. त्यांच्याविषयी आणि त्यांच्या प्रवासाविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत.

शहापुराहून विमानतळ फारसा दूर नाही. शहराच्या पूर्वेस, बागलकोटच्या वाटेवर मुतग्याच्या पुढे सांबरा हे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ब्रिटिश हवाई दलाने येथे धावपट्टी बांधली. युद्ध संपले, इंग्रज गेले, आणि या माळावर भारतीय हवाई दलाची सैनिकांना शिक्षण देणारी संस्था नांदू लागली. ती आजही आहे. प्रवाशांसाठी नवी प्रशस्त इमारत २०१७ साली उघडली. ज्या रस्त्याने पूर्वी उसाच्या आणि भाजीच्या गाड्या जात, त्याच रस्त्याने आता मुलाला भेटण्यासाठी बंगळुरास निघालेली आई जाते. आखाती देशांकडे जाणारे कित्येक जण बंगळुरास किंवा मुंबईस विमान बदलतात. काही जण चोर्ला घाट उतरून गोव्यास जातात. तेथे दाबोळीचा जुना विमानतळ आहेच, शिवाय ५ जानेवारी २०२३ पासून मोपा येथूनही विमाने उडू लागली आहेत.

आता, वाचकहो, आपण अशी कल्पना करू की शहापुरातील एक साठीच्या घरातील बाई या वाटेने निघाली आहे. तिला आपण अक्का म्हणू. तिची मुलगी दुबईस आहे. नातवाचा बाप्तिस्मा ठरला आहे आणि आजी त्यास हवीच. अक्काचे वजन एके काळी फार वाढले होते. मधुमेह जडला, गुडघे बसले, दोन जिने चढणे जमेना. उपास झाले, औषधे झाली. वजन उतरे आणि पुन्हा चढे. अखेर काही वर्षांपूर्वी तिने शस्त्रक्रिया करून जठराभोवती पट्टा बसवून घेतला. डॉक्टर यास ‘गॅस्ट्रिक बँड’ म्हणतात. त्यानंतर ती हळूहळू हलकी झाली, चालू लागली. पण विमानात बसण्याचा प्रसंग तिच्यावर आता प्रथमच येत आहे, आणि तिच्या मनात एकच भीती आहे : वर आकाशात घास अडकला तर?

ही भीती खुळी नाही. तिचे उत्तर समजण्यासाठी हा पट्टा काय आहे, हे आधी पाहावे लागेल.

सिलिकोन नावाच्या मऊ पदार्थाची ही एक पोकळ कडी असते. दुर्बिणीच्या साहाय्याने ती जठराच्या वरच्या टोकाला, अन्ननलिका जठरास मिळते त्याच्या किंचित खाली, गुंडाळतात. त्यामुळे वर एक लहानशी पिशवी तयार होते. सुरुवातीस तीत दोन-चार चमचेच अन्न मावते. ही पिशवी भरली की पोट भरल्याची जाणीव होते, आणि अन्न कडीच्या अरुंद दारातून सावकाश खाली उतरते. कडीच्या आत मिठाचे निर्जंतुक पाणी भरतात. पोटाच्या कातडीखाली एक छोटी डबी बसविलेली असते. तीत सुई खुपसून डॉक्टर पाणी वाढवितात किंवा काढून घेतात. पाणी वाढले की दार आवळते, काढले की सैल होते.

शहापूरच्या विणकराला हे समजावून सांगण्याची गरज नाही. मागावरील ताणा फार ओढला तर सूत तुटते. सैल सोडला तर कापड विणले जात नाही. नेमका ताण साधणे हीच विद्या. पट्ट्याचेही तसेच आहे. फार आवळला तर पाणीसुद्धा उतरत नाही, उलट्या होतात. फार सैल असला तर भूक आवरत नाही.

ताण कमी-जास्त करता येणारा हा पट्टा अमेरिकेत स्थायिक झालेल्या ल्युबोमिर कुझमाक या युक्रेनी शल्यचिकित्सकाने १९८६ साली प्रचारात आणला. १९९३ साली बेल्जियममध्ये तो मोठी चीर न पाडता दुर्बिणीने बसविण्यास प्रारंभ झाला, आणि २००१ साली अमेरिकेच्या सरकारने त्यास मान्यता दिली. पुढील दहा वर्षे त्याचा पुष्कळ बोलबाला होता. नंतर मात्र पट्टा सरकणे, झिजणे, वजन पुरेसे न उतरणे अशा तक्रारी वाढल्या, आणि जठराचाच काही भाग काढून ते केळ्यासारखे निमुळते करण्याची शस्त्रक्रिया पुढे आली. आज नव्याने पट्टा बसविणारे थोडे. परंतु पूर्वी बसविलेला पट्टा पोटात वागविणारी माणसे जगभर आहेत. ती प्रवास करतात, लग्नांना जातात, आपल्या पंक्तीत बसतात.

आता विमानाकडे वळू. अंबोलीचा घाट चढताना किंवा उतरताना कानांत दडे बसतात, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांस आहे. कोकणातून घेतलेला हवाबंद वेफर्सचा पुडा घाटमाथ्यावर येईतो फुगून टम्म होतो, हेही मुलांनी पाहिले असेल. कारण उंचावर हवेचा दाब कमी होतो आणि पुड्यातील कोंडलेली हवा पसरते. विमान जमिनीपासून तीस-पस्तीस हजार फुटांवर उडते. तेथील हवेत मनुष्य जगू शकणार नाही, म्हणून आत यंत्राने दाब राखलेला असतो. पण तो जमिनीवरील दाबाइतका नसतो. साधारणपणे सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर जेवढा असावा, तेवढाच तो असतो. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट, आणि कर्नाटकातील मुळ्ळय्यनगिरी सुमारे ६,३०० फूट. म्हणजे विमानातील प्रवासी खुर्चीवर स्वस्थ बसलेला दिसला, तरी त्याचे शरीर कळसूबाईच्याही वर जाऊन पोचलेले असते; आणि तेही वीस-पंचवीस मिनिटांत.

या उंचीचा पोटावर काय परिणाम होतो? प्रत्येकाच्या जठरात आणि आतड्यांत थोडा वायू असतोच. समुद्रसपाटीवरून आठ हजार फुटांच्या दाबात गेल्यास तो सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. बेळगाव मूळचेच अडीच हजार फुटांवर वसलेले आहे. म्हणून सांबऱ्याहून चढणाऱ्याच्या पोटातील वायू साधारण एक चतुर्थांशाने फुगेल, तर गोव्याच्या किनाऱ्यावरून चढणाऱ्याचा त्याहून अधिक. धडधाकट माणसाला यामुळे नुसते पोट गच्च झाल्यासारखे वाटते. परंतु ज्याच्या जठराला दोन-चार चमच्यांची पिशवी आणि एक अरुंद दार आहे, त्याला हा फुगवटा चांगलाच जाणवतो.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पट्ट्यातील पाणी विमानात फुगते आणि म्हणून पट्टा आवळतो, असे पुष्कळांस वाटते. पाणी असे फुगत नाही. वायूचा गुणधर्म पाण्यास लागू नाही. पट्टा भरताना त्यात हवेचा बुडबुडा राहिला असेल, तर तो मात्र पसरू शकतो. म्हणून भरताना डॉक्टर हवा काढून टाकण्याची काळजी घेतात. मग पट्टा तोच, पाणी तेवढेच, तरीही कित्येकांना विमानात घास जड का जातो?

याचे उत्तर सराफ गल्लीतील सोनार देईल. सकाळी सैल असणारी अंगठी दिवसभराच्या बस-प्रवासानंतर बोटातून निघता निघत नाही. साबण लावावा लागतो. अंगठी आक्रसली काय? नाही. बोट सुजले. लांबच्या प्रवासात एकाच जागी बसून राहिल्याने पाय सुजतात, बोटे सुजतात. जठराभोवतीची कडीदेखील अंगठीच होय. कडीच्या आतील मांस किंचित जरी सुजले, तरी दार तितके लहान झाले. काहींना हा आवळपणा सकाळीच अधिक जाणवतो आणि दुपारनंतर मोकळे वाटते; पहाटेच्या विमानाने निघणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मन भयभीत असले, झोप झालेली नसली, तरीही घशाखालचा मार्ग आखडतो. आणि विमानतळावर निर्धास्त मनाचा प्रवासी कितीसा आढळतो?

तिसरे कारण कोरडेपणाचे. विमानातील हवा अत्यंत शुष्क असते. आपल्याकडील चैत्र-वैशाखाच्या दुपारीदेखील हवेत त्याहून अधिक ओलावा असतो. तोंड सुकते, लाळ घट्ट होते, आणि सुका घास चिकट गोळा होऊन दाराशी बसतो. त्यातच पुष्कळ प्रवासी, विशेषतः आपल्या बायका, वारंवार उठावे लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. हे काटकसरीचे शहाणपण येथे महागात पडते.

चौथे कारण मनुष्यनिर्मित आहे, आणि ते म्हणजे घाई. विमानातील जेवण येते, ताट पुढ्यात मांडले जाते, आणि शेजारच्याचे संपेपर्यंत ताटे उचलणारे परत येतात. पट्टा असलेल्याने प्रत्येक घास वीस-तीस वेळा चावावा, दोन घासांत अंतर ठेवावे, असा नियम. घाईत चार घास न चावता गिळले, की पाचवा अडकलाच. छातीच्या मधोमध कळ येते, तोंडाला पाणी सुटते, आणि अखेर ते वर येते. एकदा उलटी झाली की आतील भाग आणखी सुजतो, आणि पुढचा घास अधिक अवघड होतो.

तात्पर्य, आकाश पट्ट्याला काहीच करीत नाही. वायू, सूज, कोरडेपणा आणि घाई, ही चार मिळून माणसाला त्रास देतात. आणि या चारांपैकी शेवटची दोन तरी सर्वस्वी आपल्या हाती आहेत.

मग अक्काने आपली शिदोरी कशी बांधावी? प्रवासाच्या आधी दोन-तीन आठवड्यांत पट्ट्यात नवे पाणी भरून घेऊ नये, ही पहिली गोष्ट. नव्या ताणाची सवय घरी, आपल्या डॉक्टरांच्या जवळ असतानाच व्हावी, परदेशात नव्हे. लांबचा मुक्काम असेल, किंवा जेथे पट्ट्याची माहिती असलेला डॉक्टर मिळणार नाही अशा ठिकाणी जावयाचे असेल, तर थोडे पाणी काढून पट्टा सैल करून घ्यावा काय, हे डॉक्टरांस विचारावे. डॉक्टरांकडून एक पत्रही घ्यावे : शस्त्रक्रिया कोणती, केव्हा झाली, पट्टा कोणत्या जातीचा, त्यात पाणी किती. ते हातातल्या पिशवीत असावे. सामानात टाकलेले पत्र वेळेला उपयोगी पडत नाही.

निघण्याच्या दिवशी घरची मंडळी भाकरी, पोळी, भात, मटण असे भरगच्च करून वाढू लागतील. अक्काने त्या दिवशी पातळ आणि मऊ अन्नावरच राहावे. नाचणीची पातळ आंबील, गाळलेले ताक, मुगाच्या डाळीचे वरण, दही, मऊ शिजवून घोटलेली भाजी, असे आपल्या घरचेच अन्न यासाठी उत्तम. कोरडी चपाती, ताजा पाव, चिकट भात आणि चिवट मांस हेच पदार्थ पट्ट्याशी सर्वांत अधिक अडतात. बुडबुड्यांची पेये तर प्रवासात वर्ज्यच समजावीत. कारण त्यांतील वायू पोटात जाऊन फुगणार.

सांबऱ्याच्या इमारतीत तपासणी झाली की रिकामी बाटली आत पाण्याने भरून घ्यावी. परदेशी जाणाऱ्या विमानात शंभर मिलिलिटरहून मोठ्या डब्यातील पातळ पदार्थ हाती नेऊ देत नाहीत. म्हणून आंबिलीऐवजी नाचणीचे सत्त्व किंवा डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पूड कोरडीच न्यावी आणि विमानात गरम पाणी मागून ती कालवावी. मोठ्या विमान कंपन्यांकडे तिकीट काढतानाच मऊ, सौम्य आहार सांगून ठेवण्याची सोय असते. मुलीने तिकीट काढताना हे विसरू नये.

विमानात चढल्यावर पाणी घोटाघोटाने, दर काही मिनिटांनी प्यावे. एकदम पेला रिकामा करू नये. आणि जेवताना पाणी पिऊ नये. जेवणाच्या आधी अर्धा तास आणि नंतर अर्धा तास सोडावा, हा पट्टेवाल्यांचा नेहमीचा नियम आकाशातही पाळावा. जेवणाचे ताट आले तर त्यातील दही, सूप, मऊ भाजी एवढेच चमच्याच्या टोकाने घ्यावे. एक घास घ्यावा, चावावा, थांबावे. घास उतरला असे वाटले तरच दुसरा. उतरला नाही तर तेथेच थांबावे. वरून पाणी ओतून तो ढकलू नये. बंगळूरपर्यंतच्या तासाभराच्या उड्डाणात तर काहीच खाल्ले नाही तरी बिघडत नाही. मात्र मधुमेहाची औषधे किंवा इन्शुलिन चालू असेल, तर उपाशी राहण्याचा हा नियम डॉक्टरांस विचारूनच. मोठ्या गोळ्याही दाराशी अडकतात. त्यांच्याऐवजी पातळ औषध चालेल काय, हे आधी विचारून ठेवावे.

विमानात अन्नाची चवही मंदावते. कमी दाब आणि कोरडे नाक यांमुळे मीठ आणि साखर दोन्ही फिकी लागतात. म्हणून माणूस अधिक खारट, अधिक गोड मागतो. येथे एक विचित्र गोष्ट सांगितली पाहिजे. पट्ट्याच्या दाराशी भाकरी अडते, पण कुंदा अडत नाही. आइस्क्रीम, मिठाई, गोड सरबत हे सारे त्या अरुंद दारातून सहज घसरून जाते. घास अडकण्याच्या भीतीने जो मनुष्य प्रवासात केवळ मऊ गोडावर राहतो, त्याच्या पोटाला त्रास होत नाही. परंतु ज्या कामासाठी शस्त्रक्रिया केली, ते कामच बुडते. लेकीसाठी कुंद्याची पेटी अवश्य न्यावी. ती वाटेत अक्कानेच उघडू नये, इतकेच.

शस्त्रक्रिया नुकतीच झाली असेल, तर गोष्ट वेगळी. पहिले काही आठवडे आधी पातळ, मग घोटलेले, मग मऊ, अशा पायऱ्यांनी अन्न वाढवितात. हा काळ प्रवासाचा नव्हे. शिवाय शस्त्रक्रियेनंतर, तसेच वजन अधिक असल्यास, पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका वाढतो. आणि तासन्‌तास बसून राहिल्याने त्यात भर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक प्रवासाने हा धोका सुमारे दुप्पट होतो. निरोगी माणसात तो तरीही थोडाच, म्हणजे सुमारे सहा हजारांत एक, असतो. ज्यांची शस्त्रक्रिया ताजी आहे त्यांनी विमानात केव्हा बसावे, हे त्यांच्या डॉक्टरांनीच सांगावे. इतरांनी अधूनमधून उठावे, चार पावले चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत. पाणी प्यावे म्हणून जे वर सांगितले, त्याने उठणे आपोआप घडेल.

वजन, शस्त्रक्रिया आणि आकाशप्रवास यांचा संबंध किती गंभीर होऊ शकतो, याचे एक उदाहरण मुंबईने पाहिले आहे. इजिप्तमधील अलेक्झांड्रिया शहरच्या इमान अहमद या स्त्रीचे वजन सुमारे पाचशे किलो असल्याचे सांगितले जात होते. कित्येक वर्षे ती घराबाहेर पडली नव्हती. ११ फेब्रुवारी २०१७ रोजी तिला खास सोय केलेल्या मालवाहू विमानाने मुंबईस आणले गेले. सैफी रुग्णालयात प्रथम काही आठवडे तिला केवळ पातळ आहार दिला गेला, आणि मार्चमध्ये तिचे जठर लहान करण्याची शस्त्रक्रिया झाली. तिला पट्टा बसविलेला नव्हता. शस्त्रक्रिया निराळी होती. मे महिन्यात तिला अबू धाबीस नेले, आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला तेथे तिचा अंत झाला. वृत्तपत्रांनी तिच्या वजनाचे आकडे मोठ्या अक्षरांत छापले. पण एका छत्तीस-सदतीस वर्षांच्या स्त्रीला उपचारासाठी समुद्र ओलांडावा लागला आणि तिला जगावयाचे होते, ही गोष्ट त्या आकड्यांहून मोठी होती. लठ्ठपणा हा आळसाचा किंवा अधाशीपणाचा दंड नव्हे. तो पुष्कळांच्या बाबतीत आजार असतो. आजाऱ्याकडे जसे पाहावे तसेच त्या माणसांकडे पाहावे.

आता अक्काकडे परत येऊ. विमान दुबईस उतरले. मुलगी आणि जावई न्यावयास आले. घरी पोचताच ताट मांडले गेले : कोंबडीचा रस्सा, भात, चपात्या. शेजारच्या बेळगावकडच्या चार बायका जमल्या. “अक्का, एवढंच? अजून एक चपाती घ्या की!” “विमानात काय मिळालं असणार, जेवा की पोटभर!” हा सारा जिव्हाळाच, त्यात कपट नाही. पण अक्काचे पोट अजून प्रवासातच आहे. सूज उतरावयाची आहे, शरीरातील पाणी भरून निघावयाचे आहे, झोप व्हावयाची आहे. तिने लाजेकाजेस्तव एक चपाती घेतली, तर तिला पाच मिनिटांत उठून न्हाणीघरात जावे लागेल. मग कुणी म्हणेल, “तब्येत बरी नाही वाटतं,” आणि कुणी म्हणेल, “आमचं जेवण आवडलं नाही.” दोन्ही चूकच.

मुलीने काय करावे? पहिला दिवस आईला पातळ आणि मऊ अन्न द्यावे, एका लहान वाटीत, लहान चमच्याने. आणि स्वतः तिच्याजवळ बसून सावकाश जेवावे. बायकांना मोकळेपणाने सांगावे, “आईचे पोटाचे ऑपरेशन झाले आहे, ती थोडेथोडे खाते.” एवढे एक वाक्य सांगितले, की आग्रहाला काळजीचे रूप येते. हे वाक्य अक्काला स्वतःला उच्चारणे जड जाते. लोक काय म्हणतील, इतके पैसे खर्चून पोट बांधून घेतले म्हणतील, अशी तिला शरम वाटते. ती शरम घरच्यांनी उचलावी.

दोन दिवसांत बहुतेकांचे सारे पूर्ववत होते. परंतु काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यास वाट पाहू नये. पाण्याचा घोटही उतरत नसेल, उलट्या थांबत नसतील, पोटात किंवा छातीत तीव्र कळ असेल, ताप असेल, डबीची जागा लाल झाली असेल, किंवा एक पाय सुजून दुखत असेल व दम लागत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे आणि पट्ट्याचे पत्र दाखवावे. पाणी काढून पट्टा सैल करणे हे जाणत्या डॉक्टरास काही मिनिटांचे काम असते. पण ते न केल्यास पट्टा सरकून मोठे संकट ओढवू शकते. फार दिवस उलट्या चालू राहिल्यास शरीरातील जीवनसत्त्वे घटून मज्जातंतूंना इजा होण्याचाही संभव असतो. “दोन दिवसांत घरी जाऊन आपल्या डॉक्टरांना दाखवू” असे म्हणणे येथे बरे नव्हे.

शहापूर गावाने आपल्याला दोन गोष्टी शिकविल्या : ताण नेमका असावा, आणि अडकलेली अंगठी ओढून काढू नये. आपल्या पंक्तीला तिसरी गोष्ट शिकावयाची आहे. पाहुण्याच्या ताटात किती वाढले, यावर आदरातिथ्य मोजण्याची आपली जुनी सवय आहे. ज्या काळी वर्षातून अनेक महिने घरात धान्य पुरत नसे, त्या काळी ही सवय योग्यच होती. पोटभर वाढणे म्हणजे आपल्या घासातला घास देणे होते. आज आपल्या दारी विमानातून उतरून येणाऱ्या काही पाहुण्यांना अन्नापेक्षा वेळ अधिक हवा असतो. त्यांच्यासाठी पंक्ती अर्धा तास अधिक बसली, वाढणारीने डाव खाली ठेवून त्यांच्याशी चार शब्द बोलले, त्यांची छोटी वाटी रिकामी होईपर्यंत कुणी पान सोडून उठले नाही, तर तेवढे आदरातिथ्य पुरे. लहान घासालाही सोबत लागते.